शिवेवरचं पाणी

दवंडी देऊन कोतवाल ढोलकं काखेत मारून निघून गेला, तरी भोकरवलीची माणसं चावडीसमोरून हलली नाहीत. आजपासून भोकरवली आणि तिवरपाडा या दोन्ही गावांची मिळून एकच ग्रामपंचायत होणार, असं तो ओरडून गेला होता. स्वराज्य आल्यापासून सरकारला गावोगाव पंचायती काढायची घाई झाली होती आणि ही दोन गावं पडली चिमूटभर. एकेकट्या गावाला पंचायत परवडेना, म्हणून कल्याणच्या कचेरीतल्या कुणीतरी दोघांची मोट बांधून टाकली.

पुरुषांचं लगेच सुरू झालं. सरपंच कुठल्या गावचा? पंचायतीच्या नावात पहिलं नाव कुणाचं? बायका मागे डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या आणि उभ्याच राहिल्या असत्या, पण त्यांच्यात कमळाबाई होती. कमळाबाईला प्रश्न पडायची खोड होती. ठाकुर्लीच्या वीजघराच्या धुराड्यातून निघालेला धूर पुढे जातो कुठे, हे तिने तिथेच कामाला असलेल्या आपल्या नवऱ्याला, नाथाला, इतक्या वेळा विचारलं होतं की तो बिचारा धुराचं नाव काढलं की घरातून उठून जायचा.

"मंग आनंचं काय?" ती मागूनच म्हणाली.

गलका थांबला. काळुराम पाटलांनी मान वळवून पाहिलं. गावच्या सगळ्या सुना त्यांना मामा म्हणत आणि त्यांच्यासमोर सहसा बोलत नसत.

"दोन गावांची मिलून एक पंचायत झाली," कमळाबाई म्हणाली, "मंग दोन गावांनी एकमेकांची आन घेतलीय, ती रायली का गेली?"

नाथाने तिच्याकडे असं पाहिलं, जसा काही आज पुन्हा धूर निघाला. मग काळुराम पाटील नुसतंच "घरी जा गो," म्हणाले आणि चावडी पांगली.

आता ही आण काय ते सांगायला हवं. दोन गावांच्या मधून खाडीचा एक फाटा आत येतो. खारं पाणी शेतात घुसू नये म्हणून दोन्ही गावांनी मिळून बांध घातलेला आणि बरोबर शिवेवर पाणी सोडायला लाकडी दार बसवलेलं. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला उघाडी उचलली की आत अडकलेली मासळी जाळ्यात येते. एक वर्ष ती भोकरवलीने धरायची, एक वर्ष तिवरपाड्याने, असा रिवाज. पण एका वर्षी पाऊस इतका उशिरापर्यंत लांबला की हे वर्ष संपलं कधी आणि पुढचं लागलं कधी, यावरच दोन्ही गावांचं जुंपलं. शिव्या झाल्या, काठ्या झाल्या, कोणाचं डोकं फुटलं. शेवटी दोन्ही गावच्या जाणत्यांनी आपापल्या देवीपुढे बेलभंडार उचलला. बेलाचं पान आणि चिमूटभर हळद हातात घेऊन घेतलेली शपथ म्हणजे काही खेळ नव्हे. भोकरवलीच्या माणसाने तिवरपाड्याचं पाणी प्यायचं नाही आणि तिवरपाड्याच्या माणसाने भोकरवलीचं प्यायचं नाही, अशी ती आण होती.

मासळीचं भांडण, आणि बंद केलं पाणी. पुरुषांच्या डोक्यात ते बसलं खरं, पण त्यांनी एक गोष्ट विचारातच घेतली नाही. दोन्ही गावांच्या लेकी एकमेकांत दिलेल्या होत्या. कमळाबाईची एकुलती एक लेक नंदा त्या भांडणाच्या आधीच्या उन्हाळ्यातच तिवरपाड्याला दिली होती. सासरी गेली म्हणजे ती तिवरपाड्याची झाली, आणि तिला माहेरचं पाणी बंद झालं. आईच्या दारात येऊन घोटभर पाणी न पिता परत जायचं, यापेक्षा न आलेलं बरं, असं म्हणून नंदा येईनाशी झाली.

मायलेकींनी मग आपली वाट काढली. आठवड्याच्या बाजाराला दोघी कल्याणला जायच्या आणि तिथे म्युनिसिपालटीच्या नळावर भेटायच्या. कल्याणचं पाणी कुणाच्याच आणेत नव्हतं. दोघी एकाच तोटीखाली ओंजळ धरून पोटभर पाणी प्यायच्या, तहान नसली तरी. येणारेजाणारे बघायचे, या दोन आगरणी नळाशी एवढ्या का हसतात म्हणून.

आणि आता नंदाला दिवस गेले होते. सातवं सरत आलं होतं. पहिलटकरणीने माहेरी यायचं, हे काय कुणाला सांगायला हवं? पण पाण्याचा थेंब न घेता माहेरी राहायचं कसं, आणि बाळंत व्हायचं कसं? सासू सगुणा भली बाई होती, ती म्हणायची, करू आपन इथंच. कमळाबाईला मात्र ते पटत नव्हतं. आपल्या लेकीच्या पहिल्या खेपेला आपण शिवेपलीकडे कान लावून बसायचं, ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती.

म्हणून दवंडी ऐकल्यापासून तिचा प्रश्न काही तिला सोडेना.

आधी ती तलाठ्यांकडे गेली. शिधये तलाठी सडपातळ, चष्म्याचे, कपाळाला नेहमी आठी. नव्या पंचायतीची लिहिण्यावाचण्याची कामं त्यांच्याच गळ्यात पडली होती आणि नावाच्या भांडणाने ते टेकीला आले होते. अखेर त्यांनी एक फळी रंगवून घेतली होती. एका बाजूला 'भोकरवली-तिवरपाडा' आणि दुसऱ्या बाजूला 'तिवरपाडा-भोकरवली'. शिवेवरच्या चिंचेला ती अशी टांगायची की ज्याने त्याने आपल्या बाजूने वाचावं आणि समाधानाने घरी जावं.

"भाऊसाहेब, आता आमी एक गाव का दोन?" कमळाबाईने विचारलं.

"पंचायतीपुरते एक. देवळं, शेतं, सातबारा तुमचं तुमच्याकडेच."

"मंग मधली शीव?"

"पंचायतीच्या दृष्टीने नाही उरली."

"म्हंजी माजी नंदा माज्याच गावात दिलीय?"

शिधये हसले. "पंचायतीपुरतं म्हणायचं तर, हो."

"आन आनंचं?"

शिधयांनी चष्मा काढून पुसला. "आण ही सरकारी बाब नाही, कमळाबाई. सरकार पाण्याची विहीर देईल, पण कुणी कुणाचं पाणी प्यावं हे काही सांगणार नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "प्रश्न मात्र नामी आहे हो. मला सुचला नव्हता."

तिथून ती धाकू भगताकडे गेली. देवीची पूजा त्याच्याकडे होती आणि कौल तोच लावायचा. प्रश्न ऐकून धाकू गंभीर झाला. आण दोन गावांमधली, गावच एक झालं तर आण कुणामधी रायली, हे त्यालाही पटलं. पण आपण कोण सांगणारे? त्याने देवीला आंघोळ घातली, दोन्ही खांद्यांवर एकेक पाकळी चिकटवली. उजवी पडली तर आण गेली, डावी पडली तर राहिली. दोघं बसून राहिली. उन्हं कलली, पाकळ्या सुकल्या, पण एकही पडली नाही.

"म्हंजी काय, भगत?"

"म्हंजी देवीला बी ठावं नाय," धाकू दबक्या आवाजात म्हणाला. "असं गाव एक केल्यालं तिनं बी पयल्यांदाच बगितलं."

कमळाबाईला हे उत्तर फार आवडलं. देवीलाही प्रश्न पडतो, तर आपल्याला पडला म्हणून काय बिघडलं?

शेवटी तिने धीर करून काळुराम पाटलांचं अंगण गाठलं. ते जाळं विणत बसले होते. बेलभंडार त्यांनी स्वतःच्या हाताने उचललेला, म्हणून उत्तर त्यांच्याचकडे असायला हवं, असा तिचा हिशोब.

"कागदानं गावं एक व्हतान काय गो?" ते जाळ्यावरची नजर न काढता म्हणाले. "उद्या सरकार म्हनंल ठाना आन कल्यान एक. मंग ठान्याची खाडी काय कल्यानला वाहात येल?"

"पन मामा, आन घेतली तवा तुमीच म्हनाला, ह्या गावाची आन त्या गावाची. आता हे आन ते कुठं रायलं?"

पाटलांची सुई थांबली. माणूस हट्टी होता, पण खोटा नव्हता. प्रश्न ऐकून न ऐकल्यासारखं करणं त्यांना जमत नसे.

"मना नाय ठाव," ते शेवटी म्हणाले. "पन एक ठाव हाय. आन मोडली का पोटाला लागतं. मोडनाऱ्याच्या पोराबालांना लागतं. माज्या आज्यानं एकदा मोडलेली. त्याची दोन पोरां गेली. म्हनून सांगतंय, तू हे इचारत फिरू नको. तुजी पोर पोटुशी हाय."

एवढं बोलून त्यांनी सुई पुन्हा जाळ्यात घातली. कमळाबाई उठून घरी आली. पण प्रश्न तसाच होता, उलट आता त्याला दात आले होते.

पुढच्या बाजाराला कल्याणच्या नळावर तिने नंदाला सगळं सांगितलं, पोटाला लागण्याचं सोडून. नंदा आता चालताना कमरेवर हात ठेवायची. पंचायतीची पहिली सभा शिवेवर चिंचेखाली भरणार, हे तिलाही कळलं होतं. ना भोकरवलीत, ना तिवरपाड्यात, म्हणून शिधयांनी ती जागा काढली होती. प्यायला मात्र दोन माठ ठेवायचे ठरले होते. एक या गावचा, एक त्या गावचा.

"सभा एक आन माठ दोन," कमळाबाई म्हणाली. "हे कसलं गो एक गाव?"

मग ती नळाजवळ वाकून नंदाच्या कानाशी बोलली. आपण एक रिकामा हंडा न्यायचा. दोन्ही माठ त्यात ओतायचे. मग त्यातलं भोकरवलीचं कुठलं आणि तिवरपाड्याचं कुठलं, हे कुणी ओळखून दाखवावं. आणि पहिलं भांडं मी पिणार. माझं वय झालं, मला काय होतंय?

"सासूला सांगू?" नंदाने विचारलं.

"सांग. तिवरपाड्याचा माठ तिनंच ओतायला पायजे."

सभेच्या दिवशी ऊन कडक होतं. चैत्र लागला होता आणि खाऱ्या जमिनीतली माती भेगाळून पांढरी पडली होती. चिंचेला शिधयांची फळी टांगलेली होती आणि दोन्ही बाजूंनी आलेली माणसं आधी आपलं नाव पुढे आहे ना, ते बघून घेत होती. भोकरवलीकडचे चिंचेच्या या अंगाला बसले, तिवरपाड्याकडचे गोविंदा पाटलांना पुढे घालून त्या अंगाला. मध्ये सतरंजीवर शिधये. त्यांच्यापाशी स्वतःचा कल्याणहून आणलेला फिरकीचा तांब्या होता, कारण कुणाच्याच माठातलं पाणी त्यांना चालणार नव्हतं.

बायका लांब उभ्या होत्या. माठ त्यांनीच आणून ठेवले होते.

शिधये पहिला विषय वाचायला लागले तोच कमळाबाई पुढे आली. डोक्यावर रिकामा हंडा. नाथाने डोळे मिटून घेतले.

"भाऊसाहेब, सभा कनच्या गावची?"

शिधये दचकले. "ग्रामपंचायतीची. एकच सभा आहे."

"मंग पानी दोन गावांचं कशाला?"

आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने हंडा सतरंजीच्या कडेला ठेवला, आपल्या गावचा माठ उचलून त्यात पालथा केला. पलीकडून सगुणाने तिवरपाड्याचा माठ आणला. थोडं पाणी बाहेर सांडलं, पण बाकीचं तिने ओतलं. दोन्ही पाण्यांचा एकच आवाज झाला.

"आता ज्याचं त्याचं पानी वेगलं करा आन प्या," कमळाबाई म्हणाली.

सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. कुणी उठलं, कुणी उठून पुन्हा बसलं. गोविंदा पाटलांनी धाकू भगताकडे पाहिलं, धाकूने वर चिंचेकडे पाहिलं. काळुराम पाटील हंड्याकडे टक लावून बसले होते. आण मोडली की नाही, हेच कळेना. अजून कुणी प्यायलंच नव्हतं.

कमळाबाईने भांडं बुडवण्यासाठी पदर खोचला. तेवढ्यात बायकांमधून नंदा पुढे आली. बांधावरून चालून ती घामाघूम झाली होती, ओठ सुकले होते. तिने आईच्या हातातलं भांडं काढून घेतलं, हंड्यात बुडवलं आणि एका दमात पिऊन टाकलं.

"नंदे!" कमळाबाईने तिचं मनगट धरलं, पण भांडं रिकामं झालं होतं. इतके दिवस हा प्रश्न तिने गावभर मिरवला, तलाठ्याला घातला, देवीला घातला, आणि आता तिच्या अंगावर काटा आला. "मी पिनार व्हते गो! तू कशाला? तुज्या पोटात..."

"तुज्या घरी मना येयाचं हाय, आये," नंदा म्हणाली. "मंग पयलं पानी मीच प्याला पायजे. मना तहान बी लागलेली."

कमळाबाईचा हात अजून लेकीच्या मनगटावर होता. पोटाला लागतं, हे पाटलांचे शब्द तिच्या कानात वाजत होते आणि आपणच आपल्या हाताने हे केलं, असं तिला वाटलं. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

तेव्हा काळुराम पाटील उठले. धोतराची माती झटकली आणि हंड्यापाशी येऊन नंदासमोर उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, आता हे पोरीला बोलणार.

"बेलभंडार मी उचललेला," ते म्हणाले. "तिकडं गोविंदानं उचललेला. आनंची जोखीम आमची. एकल्या पोटुश्या पोरीच्या डोक्यावर देवीचा कोप घालून आमी सावलीत बसू, अशी काय भोकरवली नाय."

त्यांनी भांडं भरलं आणि प्यायले. मग तेच भांडं भरून गोविंदा पाटलांपुढे धरलं.

"आन मोडायची तर समद्यांनी मोडू," ते म्हणाले. "कोप वाटून घेऊ. वाटला का प्रतेकाला थोडा थोडा येल."

गोविंदा पाटलांची नजर आपल्या गावच्या सुनेच्या पोटाकडे गेली आणि त्यांनी भांडं घेतलं. मग मात्र रांग लागली. या अंगाचे आले, त्या अंगाचे आले. नाथा आला आणि बायकोकडे न बघता दोन भांडी प्यायला, म्हणजे तिच्या वाटणीचं आपणच घ्यावं असा त्याचा विचार असावा. धाकू भगत डोळे मिटून प्यायला. बायका आल्या. हंड्यातलं पाणी कमी होत चाललं तशी एकेकाला घाई झाली, आपला वाटा राहू नये म्हणून. ज्या पाण्याला इतकी वर्षं कुणी हात लावत नव्हतं, त्यासाठी आता ढकलाढकल चालली होती.

शेवटी शिधये उठले. आपल्या तांब्याकडे एकदा पाहिलं, मग हंड्याकडे.

"मीही पंचायतीचाच आहे म्हणायचं," ते पुटपुटले. त्यांनी अर्धं भांडं घेतलं आणि पिऊन झाल्यावर इकडेतिकडे बघत म्हणाले, "आमच्या घरी कळवू नका म्हणजे झालं."

त्यावर दोन्ही अंगांची माणसं हसली. कुणी आधी हसलं आणि कुणी नंतर, हे कुणी पाहिलं नाही. शिधयांनी पहिला विषय पुन्हा वाचायला घेतला. तो विषय बांधाच्या डागडुजीचा होता.

कमळाबाई हंड्यापाशी बसूनच होती. सगळे प्यायले होते, ती राहिली होती. तळाशी थोडं पाणी उरलं होतं, माठांतला गाळ त्यात उतरून ते मातकट झालं होतं. नंदा म्हणाली, "आये, ते ओतून टाक." कमळाबाईने ऐकलं नाही. तिने दोन्ही हातांनी हंडा उचलला, तोंडाला लावला आणि उरलंसुरलं सगळं गाळासकट पिऊन टाकलं, शेवटचा थेंबसुद्धा ठेवला नाही. कोपाचं जे काही शिल्लक असेल ते लेकीपर्यंत पोचायच्या आत आपल्या पोटात जाऊ दे, एवढंच तिच्या मनात होतं. मग तिने पदराने तोंड पुसलं, सगुणाने बांधून आणलेलं नंदाचं गाठोडं घेतलं आणि लेकीला घेऊन घरी निघाली.